प्वेर्तो रिकोने ट्रम्पना कौल दिला? कोणत्या मतपत्रिकेवर?

‘ट्रम्पच्या सभेत विनोदवीराने बेटाला तरंगता कचरा म्हटलं, तरी प्वेर्तो रिकोने ट्रम्पनाच कौल दिला. त्यांच्या समर्थक बाई बहुमताने गव्हर्नर झाल्या, आता हे अमेरिकेचं ५१वं राज्य होणार!’ नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीबद्दल हे ठामपणे सांगितलं जातं. यातलं खरं एवढंच, की विनोद झाला, जेनिफर गोन्सालेस जिंकल्या आणि त्या ट्रम्पसमर्थक आहेत.

ट्रम्पना कौल? प्वेर्तो रिको हा कॅरिबियनमधला अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश, राज्य नाही; त्यामुळे बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्ष निवडताच येत नाही. १९१७पासून ते अमेरिकेचे नागरिक आहेत, पण हा हक्क नाही. २०२४च्या मतपत्रिकेवर तो प्रश्न नुसता प्रतीकात्मक होता, आणि त्यातही कमला हॅरिसना सुमारे ७३ टक्के मतं पडली.

बहुमतही नाही. गोन्सालेसना साधारण ४१ टक्के मिळाले. इथे दुसरी फेरी नसते, सर्वांत पुढचा जिंकतो. त्यांचा पीएनपी हा बेटाला राज्याचा दर्जा मागणारा स्थानिक पक्ष, त्यात रिपब्लिकनही आहेत आणि डेमोक्रॅटही. जून २०२४मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी ज्या विद्यमान गव्हर्नरना, पेद्रो पिएरलुईसींना हरवलं, तेच मुळी डेमोक्रॅट! खरी बातमी दुसऱ्या क्रमांकाची होती. स्वातंत्र्यवादी हुआन दाल्माऊ तिथवर पोचले, तेही २०२०च्या कायद्याने पक्षांची आघाडी बेकायदा असताना. मित्रपक्षाने नावापुरता उमेदवार ठेवला आणि ‘मत मात्र दाल्माऊंना द्या’ असा प्रचार केला. अनेक दशकं आलटून पालटून सत्तेत असलेला पीपीडी हा पक्ष तिसरा आला.

राहिलं ५१वं राज्य. त्याच दिवशीच्या सार्वमतात राज्य होण्याच्या बाजूने सुमारे ५८ टक्के मतं पडली, हे खरं. पण हे सार्वमत १९६७पासूनचं सातवं आणि बंधनकारक नसलेलं. बेटाला राज्याचा दर्जा द्यायचा की नाही हे वॉशिंग्टनची काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवते. ‘आहे तसंच राहू द्या’ हा पर्याय पत्रिकेवर नव्हता, लाखाहून जास्त कोऱ्या पत्रिका टक्केवारीत धरल्याच नाहीत. वर याच मतदारांनी काँग्रेसमध्ये बेटाचा प्रतिनिधी म्हणून पाब्लो होसे एर्नान्देस यांना निवडलं, आणि ते राज्याच्या विरोधातल्या पीपीडीचे! अर्थात तिथे त्यांना बोलता येतं, पण सभागृहातल्या अंतिम मतदानात भाग घेता येत नाही.

एवढं सगळं सांगताना विजेचा उल्लेख मात्र कुणी करत नाही. २०२१मध्ये वितरण लूमा या खासगी कंपनीकडे गेलं, आणि दिवे जाणं लोकांना इतकं नको झालं होतं की ट्रम्पसमर्थक गोन्सालेससुद्धा लूमाला घालवण्याचं आश्वासन देत फिरल्या. निकालाला दोन महिने व्हायच्या आत, ३१ डिसेंबरला पहाटे, जवळजवळ सगळं बेट अंधारात गेलं.