‘व्हेंटिलेटर लावला की माणूस संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेली काही वर्षं एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच राहतो. व्हेंटिलेटरवर गेलेल्या १०० पैकी ८८ जण मरतात. व्हेंटिलेटरची हवा फुप्फुसं फोडते, हे खुद्द डॉक्टरांनीच कबूल केलंय. आयसीयूत बेशुद्ध माणसांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग चालतात. एक संशोधन काल जे सांगतं, ते दुसरं आज खोडून काढतं. आणि हे सगळं औषध कंपन्यांसाठी चालतं. शेवटी ठळक अक्षरांत सल्ला असतो: नळी टाकू देऊ नका, कशावरही सही करू नका.

मी अतिदक्षता विभागात काम करणारी डॉक्टर आहे. एका रात्री एका मुलीला सांगत होते की तिच्या वडिलांना आता तोंडातून श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. त्यांचा श्वास मिनिटाला ४० च्या वर गेला होता, एक वाक्यही सलग बोलता येत नव्हतं. तिने काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. हाच मेसेज होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि हे खोटं आहे असं कुणीतरी नीट सांगावं ही आशा होती. तेव्हा ५ मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं. सविस्तर उत्तर इथे देते. तिच्या वडिलांचं पुढे काय झालं ते मात्र लिहिणार नाही. ते वाचले म्हणून मेसेज खोटा ठरत नाही, आणि ते गेले असते तर तो खराही ठरला नसता. एका माणसावरून काय कळतं आणि काय कळत नाही, यावरच पुढचं सगळं उभं आहे.

आधी तो ८८ चा आकडा. तो कुणी मनाने रचलेला नाही, म्हणूनच तो जास्त घातक आहे. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या रुग्णालयांतल्या ५,७०० कोविड रुग्णांची माहिती एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यातले १,१५१ जण व्हेंटिलेटरवर गेले होते. माहिती गोळा करणं थांबवलं त्या दिवशी त्यांतले २८२ दगावलेले होते, ३८ घरी गेलेले होते आणि ८३१ जण अजून रुग्णालयातच होते. ज्यांचा निकाल लागला होता असे २८२ अधिक ३८, म्हणजे ३२०. त्यांतले २८२ म्हणजे ८८ टक्के. उरलेले ८३१ हिशेबातच नव्हते. परीक्षेच्या पहिल्या अर्ध्या तासात कोरा पेपर ठेवून बाहेर पडलेल्या मुलांवरून सगळ्या वर्गाचा निकाल लावावा, तसं हे झालं. आणि व्हेंटिलेटरवरून सुखरूप सुटायला बरेच दिवस लागतात, मृत्यू मात्र लवकर येऊ शकतो. त्यामुळे सुरुवातीचा हिशेब नेहमी मृत्यूच्या बाजूला झुकलेला दिसतो. नियतकालिकाने सारांशात लगेच दुरुस्ती केली. दुरुस्ती कुणी पुढे पाठवली नाही.

मग खरा आकडा किती? त्याच वर्षी ब्रिटनमध्ये झालेल्या रिकव्हरी या, उपचारांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीत, नेहमीचेच उपचार मिळालेल्या आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या कोविड रुग्णांपैकी २८ दिवसांत ४१.४ टक्के दगावले. हा आकडा फार मोठा आहे, तो मी लहान करून सांगणार नाही. पण नळीला हो म्हणायचं की नाही, हा निर्णय ८८ वर घ्यायचा की ४१ वर, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाय या आकड्यातून यंत्र मारतं असं निघतच नाही. व्हेंटिलेटरवर जातात तेच मुळात सगळ्यात अत्यवस्थ असतात. यंत्राने फरक पडतो का हे बघायचं तर तशाच आजाऱ्यांना श्वास न पुरवल्यास काय होतं ते बघावं लागेल. इतिहासात एकदा ते जवळजवळ तसंच बघायला मिळालं. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयानक साथ आली. ब्लेगदाम रुग्णालयात त्या वेळच्या छातीभोवतीच्या यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण गेले. मग ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून थेट फुप्फुसात हवा भरायला सुरुवात केली. तेवढी यंत्रं नव्हतीच, म्हणून सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जगातले आयसीयू त्या वॉर्डातून जन्माला आले.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. व्हेंटिलेटरची हवा फुप्फुसांना इजा करू शकते, हे खरं आहे. पण ही गोष्ट कुणी दडवली नाही. मेसेज ज्याला ‘प्रयोग’ म्हणून हिणवतो, त्याच पद्धतीने ती शोधली गेली.

फुप्फुसं सुजून पाण्याने भरतात त्या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. तिचं वर्णन पहिल्यांदा १९६७ मध्ये झालं. त्यानंतर कित्येक वर्षं अशा रुग्णाला प्रत्येक श्वासात भरपूर हवा देण्याची रीत होती. तर्क सरळ होता: रक्तातला ऑक्सिजन कमी आहे, मग हवा वाढवा. हवा वाढवली की रिपोर्ट सुधारायचा. आपल्या डोळ्यांसमोर रुग्ण सुधारतो आहे असं डॉक्टरांना दिसायचं. काहींना शंका होती, कारण सुजलेल्या फुप्फुसात हवा घेऊ शकणारा भाग थोडाच उरतो आणि सगळा ताण त्या उरलेल्या भागावर पडतो. वाद अनेक वर्षं चालला. अखेर अमेरिकेत ८६१ रुग्णांची चाचणी झाली. चिठ्ठी टाकल्यासारखी, संगणकाने विभागणी केली. एका गटाला उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा, दुसऱ्याला ६. निकाल २००० मध्ये छापला गेला. जास्त हवेच्या गटात ३९.८ टक्के दगावले, कमी हवेच्या गटात ३१ टक्के. म्हणजे साधारण दर ११ रुग्णांमागे एक जीव, आणि तोही नवं औषध किंवा नवं यंत्र न आणता, फक्त एक बटण खाली फिरवून.

पण इथे थांबून एक गोष्ट बघा. पहिल्या काही दिवसांत रक्तातला ऑक्सिजन जास्त हवेच्या गटातच चांगला होता. ज्यांचे रिपोर्ट चांगले दिसत होते, तेच अधिक संख्येने मरत होते. खाटेशेजारी कितीही अनुभवी डॉक्टर उभा असता तरी त्याला हे कळलं नसतं. दहातले तीन जाणं आणि दहातले चार जाणं, हा फरक डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक मृत्यूला काही ना काही कारण असतंच: वय होतं, मधुमेह होता, उशिरा आणलं. ‘आमच्या डॉक्टरांना अनुभव आहे, संशोधन कशाला’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं. मी स्वतः माझ्या अनुभवावर या बाबतीत विश्वास ठेवत नाही.

आता चिठ्ठ्या. हा शब्द वाचून नातेवाईकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते साहजिक आहे. आपल्या माणसाचा उपचार नशिबावर सोडला असं वाटतं. पण चिठ्ठी टाकायची परवानगी तेव्हाच मिळते, जेव्हा दोनपैकी काय बरं हे खरोखर कुणालाच ठाऊक नसतं. आणि अर्ध्या लोकांना वाऱ्यावर सोडलं जात नाही. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, डायलिसिस, जे जे लागेल ते दोन्ही गटांना मिळतं. फरक फक्त वादातल्या एका गोष्टीचा असतो.

चिठ्ठी न टाकल्यास काय होतं, ते डोक्याला मार लागलेल्या रुग्णांनी भोगलं आहे. मेंदूची सूज उतरावी म्हणून त्यांना जास्त मात्रेत स्टेरॉइड देण्याची पद्धत काही दशकं चालू होती. हेतू चांगला, तर्क पटणारा, कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. मग क्रॅश नावाच्या चाचणीत १०,००८ रुग्णांना चिठ्ठीने स्टेरॉइड किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय द्रावण दिलं गेलं. दोन आठवड्यांत स्टेरॉइडच्या गटातले २१.१ टक्के गेले, दुसऱ्या गटातले १७.९ टक्के. खरं तर २०,००० रुग्ण घ्यायचे ठरलं होतं, पण आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने मधले आकडे पाहिले आणि २००४ मध्ये चाचणी थांबली. त्याआधीची सगळी वर्षं, चाचणी न करता, ‘प्रयोग’ न म्हणता, जगभर हेच औषध दिलं जात होतं. त्यात किती माणसं गेली ते कुणी मोजलं नाही. मोजलं नाही म्हणून त्याला कुणी प्रयोगही म्हणत नाही. मला हे आठवलं की अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.

आणि त्याच वर्गातलं दुसरं एक स्टेरॉइड कोविडमध्ये उलटं वागलं. रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन दिलेल्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती, त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे तर्काने कधीच कळलं नसतं. चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि जूनमध्ये उत्तर हातात होतं.

‘आज एक, उद्या दुसरं’ हा आक्षेप ऐकून मला वाईट वाटतं, कारण यातल्या प्रत्येक ‘दुसऱ्या’मागे कुणाची तरी चूक मान्य करण्याची तयारी असते. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका आयसीयूत १,५४८ रुग्णांवर अभ्यास झाला, बहुतेक सगळे शस्त्रक्रियेनंतरचे. रक्तातली साखर इन्सुलिनने अगदी काटेकोर ठेवली तर मृत्यू कमी होतात असं दिसलं. जगभर ती पद्धत उचलली गेली. २००९ मध्ये अनेक देशांत मिळून ६,१०४ रुग्णांवर ते पुन्हा तपासलं, तर काटेकोर गटात २७.५ टक्के दगावले आणि सैल गटात २४.९. साखर धोकादायक पातळीखाली जाण्याचे प्रकारही काटेकोर गटात कितीतरी जास्त होते. पद्धत सोडून दिली गेली. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेत, शिरेतून क जीवनसत्त्व देण्याचंही तसंच. ४७ जुन्या आणि ४७ नव्या रुग्णांच्या तुलनेवरून २०१७ मध्ये जादूच सापडली असं वाटलं होतं. २०२२ मध्ये आठशेहून जास्त रुग्णांच्या चाचणीत, मृत्यू आला किंवा अवयव सावरले नाहीत अशांचं प्रमाण क जीवनसत्त्व घेतलेल्यांत जास्त निघालं. ती बाटली अजूनही ‘निदान नुकसान तर नाही’ म्हणून मागितली जाते.

कंपन्यांचं म्हणाल, तर संशय अगदीच निराधार नाही. स्टार्चचं सलाईन सुरक्षित असल्याचे दाखले देणाऱ्या एका संशोधकाचे डझनावारी शोधनिबंध २०११ च्या सुमारास मागे घ्यावे लागले. पण त्या सलाईनचा खरा चेहरा कशाने दिसला? २०१२ मधल्या चाचणीने. सेप्सिसच्या ७९८ रुग्णांत ९० दिवसांत स्टार्चच्या गटात ५१ टक्के मृत्यू, स्टार्च नसलेल्या सलाईनच्या गटात ४३. आणि आयसीयूतले मोठे शोध बघा. श्वासागणिक हवा कमी द्या. गुंगीचं औषध रोज थोडा वेळ थांबवून रुग्णाला जागं होऊ द्या: १२८ रुग्णांच्या अभ्यासात व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. हिमोग्लोबिन ७ च्या वर असेल तर बहुतेकांना घाईने रक्त चढवू नका. रुग्णाला दिवसातले १६ तास पालथं झोपवा: फ्रान्स आणि स्पेनमध्ये गंभीर एआरडीएसच्या ४६६ रुग्णांत मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर. पालथं झोपवण्याचं पेटंट कुणाकडे नाही. त्याला लागतात चार-पाच माणसांचे हात आणि नळी निसटू नये म्हणून डोक्याशी उभी असलेली एक सावध नर्स.

उरला सहीचा मुद्दा, आणि इथे मी मेसेजवाल्यांशी थोडी सहमत आहे. बेशुद्ध माणूस स्वतः संमती देऊ शकत नाही, ही खरोखरची अडचण आहे. म्हणून नातेवाइकांना विचारतात. जिथे मिनिटांचाही वेळ नसतो अशा काही चाचण्यांत आचारसमितीच्या परवानगीने आधी उपचार सुरू होतो आणि नंतर नातेवाइकांना, शुद्ध आल्यावर रुग्णाला विचारलं जातं. घाबरलेल्या माणसाला रात्री ३ वाजता चार पानी कागद वाचायला देणं ही आदर्श पद्धत आहे असं कुणीच म्हणणार नाही. ती सुधारायला हवी. पण ‘कशावरही सही करू नका’ या एका वाक्यात दोन वेगळे कागद एकत्र कोंबले आहेत. नळी टाकण्याची संमती हा उपचाराचा कागद असतो. चाचणीत सहभागाचा कागद वेगळा. कुठला समोर आहे ते विचारा. चाचणीचा असेल तर दोन गटांत नेमका फरक काय, देखरेख कोण करतं, मधेच बाहेर पडता येतं का, हे विचारा. उपचाराचा असेल तर नळी न टाकल्यास पुढच्या काही तासांत काय होईल, हे स्पष्ट विचारा. आमच्यापैकी कुणी या प्रश्नांवर वैतागलं तर चूक आमची.

चाचणीच्या कागदावर सही करायची नसेल तर नाही म्हणा. कारण सांगावं लागत नाही, आणि तुमच्या माणसाचा उपचार त्यामुळे थांबत नाही.