आयझेनहॉवर नुसता कारकून नव्हता

व्हॉट्सअ‍ॅपवर ती पोस्ट तिसऱ्यांदा आली म्हणून लिहितोय. त्यात म्हटलंय की आयझेनहॉवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात युरोपात दोस्त फौजांचा सरसेनापती असलेला अमेरिकन जनरल, कधी रणांगणावर लढला नाही, वशिल्याने चढला, आयुष्यभर फायली फिरवल्या आणि डी-डेला, म्हणजे जून 1944 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर फौजा उतरवल्या तेव्हा, फक्त सही केली. अर्धवट माहितीवर एका माणसाची अख्खी नोकरी मोडीत काढलीय, ते मला पटत नाही.

लढला नाही, हे खरंय. पण टाळलं नाही त्याने. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतच, गेटिसबर्गच्या कँप कोल्ट या लष्करी तळावर रणगाड्यांवरच्या पोरांना ट्रेनिंग देत होता, फ्रान्सला जायची ऑर्डर हातात आली आणि 11 नोव्हेंबर 1918 ला युद्धच थांबलं.

वशिला? त्याचा वरिष्ठ जनरल फॉक्स कॉनर याने शब्द टाकला म्हणून लेव्हनवर्थच्या स्टाफ कॉलेजात, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना युद्धाचं नियोजन शिकवणाऱ्या शाळेत, शिरकाव झाला, मान्य. पण 1926 ला तिथे 245 जणांत पहिला आला तो स्वतःच्या अभ्यासावर. आणि वशिला एवढा चालत असता तर 16 वर्षं मेजरच राहिला असता का?

आता फायली. जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नाविक तळावर हल्ला केल्यानंतर आठवड्याभरात, 14 डिसेंबर 1941 ला, लष्करप्रमुख मार्शलने त्याला समोर बसवून विचारलं, पॅसिफिकमध्ये आता काय करायचं? याने काही तास मागून घेतले, आणि परत येऊन सांगितलं की जपानी हल्ल्यात सापडलेल्या फिलिपिन्सला मोठी कुमक वेळेत पोचणार नाही, तरी तिथल्या लोकांना वाऱ्यावर सोडायचं नाही, तळ ऑस्ट्रेलियात उभारा आणि तिथवरचा समुद्रमार्ग काही करून राखा. फिलिपिन्समध्ये चार वर्षं काढलेला माणूस हे बोलत होता. मार्शलला पटलं. स्टाफ ऑफिसरचं काम हेच असतं हो, कुठे किती माणसं, किती जहाजं, कधी पोचणार, यात चूक झाली तर पुढचा शूर सैनिक उपाशी मरतो.

सहीचं म्हणाल तर, जर्मन कुमक अडवायला फ्रान्समधली रेल्वे बॉम्बने तोडायची की नाही यावर ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल आणि बॉम्बर विमानांचे सेनापती विरोधात अडून बसले होते, तेव्हा विमानांवर माझा ताबा नसेल तर मी पद सोडतो इथपर्यंत हा गेला. मग हवामान बिघडलं, 5 जूनचा हल्ला पुढे ढकलला, आणि थोडी उघडीप मिळेल एवढ्या अंदाजावर 6 जूनचा निर्णय त्यानेच घेतला. हल्ला फसला तर दोष फक्त माझा, अशी चिठ्ठी लिहून खिशातल्या पाकिटात ठेवली होती. त्या चिठ्ठीवर तारीख टाकताना जूनच्या जागी जुलै लिहून गेलाय.