खुलासा: हेलन केलर यांना घडवणारी बाई एकच नव्हती

अमेरिकन लेखिका हेलन केलर जन्मतःच अंध आणि बहिऱ्या होत्या, आणि त्यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन यांनी एकटीने त्यांना घडवलं, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे.

पहिलं विधान साफ चुकीचं आहे. १८८० साली जन्मलेल्या हेलनची दृष्टी आणि श्रवणशक्ती १९ महिन्यांच्या असताना आजारपणात गेली. दुसरं अर्धंच खरं, आणि गाळलेला भाग मला फार मोलाचा वाटतो.

बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत लॉरा ब्रिजमन राहत. त्याही अंध-बहिऱ्या, आणि हेलनच्या जन्माआधी कितीतरी वर्षं शिकलेल्या. ॲनची स्वतःची नजरही अधू होती, आणि त्याही याच शाळेत शिकल्या. तळहातावर बोटांनी अक्षरं उमटवायला त्या लॉरांकडूनच शिकल्या. आपली मुलगी शिकू शकेल ही आशा हेलनच्या आईला, केट यांना, वाटली तीसुद्धा लॉरांविषयी वाचून. मार्च १८८७ मध्ये ॲन अलाबामात हेलनच्या घरी पोचल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक बाहुली होती. तिचे कपडे लॉरांनी शिवलेले. हेलनच्या हातावर ॲननी उमटवलेला पहिला शब्दही ‘बाहुली’च, पंपाच्या धारेखाली हात धरून शिकवलेला प्रसिद्ध ‘पाणी’ हा शब्द महिन्याभरानंतरचा.

१८९० मध्ये बोलण्याचे पहिले धडे दिले ते बोस्टनमधल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सारा फुलर यांनी. मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर कृपया ही नावं घालून पाठवा.