यक्षाची तब्येत

माळ्यावर गळती लागली म्हणून कॉलेजातली चित्रं खाली काढली होती. नेमका रद्दीवाला आला आणि बायको म्हणाली, "विचारून तर बघा." विचारलं. झक मारली.

त्या वयात मला 'मेघदूता'ने झपाटलं होतं. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संस्कृतचे पंडित वा. वि. मिराशींनी मांडलंय एवढं कळताच नागपूर गाठून पुढे एसटीने रामटेकला गेलो. 'आषाढस्य प्रथमदिवसे' की 'प्रशमदिवसे', म्हणजे पहिला दिवस की शेवटचा, असा विद्वानांत वाद आहे. मी मे महिन्यात गेलो होतो. ढग मनाचे काढले.

रद्दीवाल्याने चार बाय तीनचा यक्ष भिंतीला टेकवला आणि तंबाखू मळत न्याहाळला.

"काका, हा कोण? आजारी आहे?"

"यक्ष. बायको लांब, अलकेला. वर्षाची शिक्षा झालीय, म्हणून ढगाजवळ निरोप देतोय."

"वर्षाची? मग तब्येत बरी राखलीय."

हे लागलं. कारण दुसऱ्याच श्लोकात यक्ष इतका वाळलाय की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलंय. माझ्या यक्षाच्या मनगटात ते रुतलंय. मॉडेल म्हणून बसवलेला रूममेट मेसमध्ये माझ्याही वाटणीच्या पोळ्या ओढायचा, त्याला मी काय करणार? प्रदर्शनात लोक अभिप्रायाच्या वहीत 'रेषेतली व्याकुळता' वगैरे लिहून गेले. पोट एकालाही दिसलं नाही!

"कापडाला भाव नाही. लाकडाचे वीस देतो, कापड तुम्ही सोडवून द्या."

वीस रुपयांत आज रंगाच्या नळीचं झाकण येत नाही. वर रद्दी आठ किलो भरली म्हणे. अकराच्या खाली नव्हती. काटा धरताना याची करंगळी कुठे असते ते मी कित्येक वर्षं बघतोय. चित्रकाराची नजर आहे, पण बोलायची सोय नाही. हा गेला तर दुसरा तिसऱ्या मजल्यावर चढत नाही.

तेवढ्यात सर आली.

"काका, हे ऑइलचं ना? पाण्याने जात नाही ना?"

"छे! काही होत नाही," मी छाती काढून म्हणालो. पंचवीस वर्षांत माझ्या माध्यमाबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"मग गाडीवर टाकतो. उद्या आणून देतो."

"द्या हो," आतून बायको.

खिडकीतून पाहिलं. हातगाडीवर रद्दीच्या गठ्ठ्यांवर यक्ष उताणा, खऱ्या पावसात. सुतळी नेमकी पोटावरून आवळलेली. आणि ते वीस रुपयेही राहिले.