‘फिल्टर आहे, म्हणजे सुरक्षितच’ या समजाविषयी

वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या प्रणालीच्या क्वेरी (माहितीसाठ्याकडे केलेल्या मागण्या) बदलण्याचे कोडचे दोन तुकडे देणारा एक मजकूर सध्या एकाकडून दुसऱ्याकडे ढकलला जात आहे. त्यात चार दावे आहेत: फिल्टरमुळे (वर्डप्रेसच्या कामात मध्येच आपला कोड जोडून मूल्य बदलण्याच्या सोयीमुळे) साइट बिघडूच शकत नाही, बाहेरून आलेली माहिती वर्डप्रेस स्वतःच स्वच्छ करते, क्वेरी चालण्याआधी ती बदलू देणारे ‘प्री_गेट_पोस्ट्स’ आणि नवी क्वेरी चालवणारे ‘क्वेरी_पोस्ट्स’ यांत काही फरक नाही, आणि अशा कामासाठी प्लगइन (तयार जोडप्रोग्राम) शोधणे हा मूर्खपणा आहे. एका वाचनालयाची साइट सांभाळणाऱ्या माझ्या मावसबहिणीने त्यातला पहिला तुकडा थीमच्या (साइटचे रूप ठरवणाऱ्या संचाच्या) ‘फंक्शन्स.पीएचपी’ या फायलीत चिकटवला आणि तासाभरात तिचा फोन आला, ‘दादा, वरचा सगळा मेनू गेला कुठे?’

मेनू जाणारच होता. तो तुकडा ‘प्री_गेट_पोस्ट्स’वर बसून प्रत्येक क्वेरीचा पोस्ट-प्रकार ‘पुस्तक’ असा करतो, आणि वर्डप्रेसमध्ये मेनूतील नोंदीही पोस्टच्याच टेबलात, वेगळ्या प्रकाराच्या पोस्ट म्हणून साठवलेल्या असतात. मेनू मागितला की तिथेही पुस्तकेच शोधली जातात. ‘इज_मेन_क्वेरी’ (ही पानाची मुख्य क्वेरी आहे का) आणि ‘इज_अ‍ॅडमिन’ (हे व्यवस्थापनाचे पान आहे का) या दोन तपासण्या घातल्या असत्या, तर हे टळले असते. मूळ फायलींना हात लागत नाही आणि साठवलेला मजकूर बदलत नाही, एवढे मात्र त्या मजकुरात खरे आहे. तुकडा काढताच मेनू परत आला. पण ‘अपडेटनंतरही टिकते’ हे त्यातले विधान अर्धेच खरे, कारण चाइल्ड थीम (आपले बदल मूळ थीमपासून वेगळे ठेवणारी थीम) नसेल तर थीमच्या पहिल्याच अपडेटला तो तुकडा पुसला जातो.

खरा संताप येतो तो दुसऱ्या दाव्याचा. दुसरा तुकडा ‘पोस्ट्स_व्हेअर’ या फिल्टरमधून, पानाच्या वेब-पत्त्यातून आलेले वर्ष जसेच्या तसे एसक्यूएलला (माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील वाक्याला) जोडतो, आणि वर ‘शुद्धीकरण आपोआप होते’ अशी ग्वाही देतो. वर्डप्रेस आलेल्या माहितीतील अवतरणचिन्हांपुढे उलटी तिरकी रेघ घालते, हे खरे. परंतु इथे वर्ष अवतरणचिन्हांत नसून उघड्या आकड्यासारखे जोडले आहे, त्यामुळे हल्ला करणाऱ्याला अवतरणचिन्हाची गरजच पडत नाही. त्याने वर्षाच्या जागी ‘२०२४ ऑर १=१’ लिहिले की ‘प्रकाशित’ ही अट मागे पडते आणि मसुदे व खासगी नोंदी यादीत येऊन बसतात, कारण एसक्यूएलमध्ये ‘अँड’ आधी जुळते आणि शेवटचे ‘ऑर’ सगळ्यांसाठी दार उघडते. उपाय एका ओळीचा आहे: माहितीसाठ्याशी बोलणाऱ्या ‘डब्ल्यूपीडीबी’च्या ‘प्रिपेअर’मधून मूल्य न्यावे, किंवा निदान मूल्याचा साधा पूर्णांक करणारे ‘अ‍ॅबसिंट’ लावावे. त्याहून विनोदी गोष्ट अशी की वर्षानुसार निवडीसाठी एसक्यूएल लिहिण्याची गरजच नाही. वर्ष हा क्वेरी चालवणाऱ्या डब्ल्यूपी_क्वेरीचा स्वतःचा घटक आहे.

त्याच तुकड्याची जी प्रत तिच्याकडे आली, तीत शेवटची ‘रिटर्न’ची ओळही गळलेली होती. फिल्टरने काही परत दिले नाही तर अटींचा सगळा भाग रिकामा होतो, म्हणजे पत्त्यात कोणी काही न लिहिताही मसुदे बाहेर! ‘प्री_गेट_पोस्ट्स’मध्ये हा प्रश्न येत नाही, कारण ते मुळात फिल्टर नसून अ‍ॅक्शन आहे, म्हणजे त्याने काही परत द्यायचे नसते, आणि त्यात क्वेरीची वस्तू थेट हातात येते. मजकूर लिहिणाऱ्याने दोहोंना सरसकट ‘फिल्टर’ म्हटले आहे.

‘क्वेरी_पोस्ट्स’बद्दल वर्डप्रेसचे अधिकृत विकसक-दस्तऐवज स्पष्टपणे सांगतात की ते मुख्य क्वेरी पूर्णपणे झाकून टाकते आणि थीम किंवा प्लगइनने वापरण्यासाठी नाही. मुख्य क्वेरी आधीच चाललेली असते, मग दुसरी चालते, आणि पानांचे क्रमांक बिघडतात. प्लगइनबद्दलचा दावा मान्य करतो; पाच-सात ओळींच्या कामासाठी प्लगइन खरोखर लागत नाही.

बहिणीने दुसरा तुकडा चिकटवला नव्हता, आणि तोही धोका ओळखून नव्हे. तिच्या साइटवर वर्षानुसार शोध नाही, एवढेच.