अंडर द वेदर म्हणजे पाऊस नव्हे

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात रेंज धरून बसलो होतो, मोबाइलवर नोकरीची मुलाखत. समोरचे साहेब सुरुवातीलाच म्हणाले, "आय ॲम अ बिट अंडर द वेदर टुडे." मी लगेच, "येस सर, हिअर ऑल्सो रेनिंग!" त्यांना बरं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं बिचाऱ्यांना. नोकरी मिळाली नाही. (त्या एका वाक्यानं गेली नाही, बाकीचीही बोंबच होती.)

मग चिडून पाचशे इंग्रजी वाक्प्रचारांची पीडीएफ उतरवली. आठ दिवसांत पाठ, पंधराव्या दिवशी पाटी कोरी. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली हे छापून ठेवलंय. एका दमात घोकलेलं उडून जातं, तेच दिवसांचं अंतर ठेवून आठवलं तर टिकतं.

आता रात्री हरभऱ्याच्या ओलितासाठी लाइनची वाट पाहत मोटरीजवळ बसतो, तेव्हा दहा मिनिटं एकच वाक्प्रचार. आधी कालचा आणि मागच्या आठवड्यातला आठवायचा, मग नव्यावर आपल्या घरचं एक वाक्य मोठ्यानं बोलायचं. ऐकायला फक्त कुत्रं असतं.

खरी मजा आपल्या बोलीत जोड शोधण्यात आहे. अंड्यातून निघायच्या आधी पिल्लं मोजू नका, असं इंग्रज म्हणतो. आपली तुरी बाजारातच असते अन् भट भटणीला मारत सुटतो. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स'चा अर्थ, ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्या, असा सांगितला तर बाबा म्हणाले, "म्हंजे इंग्रजायलेही कुटाराची फिकर होती म्हन की!" सोयाबीन काढल्यावर आभाळ भरून आलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला तो परत समजवावा लागत नाही.

'वन्स इन अ ब्लू मून', म्हणजे क्वचित कधीतरी, हा तर आजीनंच सोडवला: "धोंड्याच्या महिन्यासारखं होय." मी हसलो, पण तिचं बरोबर निघालं. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. बारा चांद्रमास वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी पडतात, त्या हिशेबातूनच अधिक मासही येतो अन् ही पौर्णिमाही. २०२३च्या ऑगस्टात सुरुवातीला अधिक श्रावणातली पौर्णिमा होती अन् अखेरीला राखीची.

एका क्लासच्या पुस्तकात पहिल्याच पानावर 'किक द बकेट' पाहिला. अर्थ दिलेला: मरण पावणे. अरे भाऊ, तो 'मरण पावणे' नाही, 'खपला' आहे! कोणाच्या वडिलांबद्दल बोलून पाहा. अर्थासोबत तो कुठं बोलायचा नाही, हे सांगत नसाल तर शिकवूच नका.

आजचा आहे 'कॉल इट अ डे'. वेचणीवरच्या बाया संध्याकाळी "सुट्टी!" म्हणून गाठोडी उचलतात, तेच. पण लाइन आत्ता आली, अन् अजून सात सऱ्या बाकी आहेत.