पोरगी थापा मारायला लागली आणि मला बरं वाटलं

आज बालवाडीच्या दारात टीचरनी मला बाजूला घेतलं आणि सगळ्या आईबाबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमची मुलगी खोटं बोलते. घरी कुठून शिकते ते बघा जरा." प्रकरण काय, तर सतरंजीवर पाणी सांडलं. बाटली हिची, ओला फ्रॉकही हिचाच, आणि "कोणी सांडलं?" विचारल्यावर बाईसाहेब म्हणाल्या, "मी नाही."

घरी कुठून शिकते! तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता इथे लिहितेय.

चार वर्षांची आहे हो ती. आणि तुम्हाला काय ते खोटं वाटतं ना, मी तिची पहिली मोठी थाप पाहिली तेव्हा आतून हरखले होते. झालं असं, की हिने चित्रकामाची बोथट कात्री घेतली आणि कपाळावरची बट मुळापासून उडवली. मधोमध दोन बोटं मोकळी जागा, तिथे नुसते खुंट. कापलेले केस रुमालात गुंडाळून स्वतःच्या बुटात, पार टोकाशी कोंबले. मी विचारलं, "केसांचं काय झालं गं?" तर म्हणे, "वारा आला होता." खिडक्या बंद. तिनेही वळून पाहिल्या. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग तो गेला."

आता मला सांगा, याला डोकं लागतं की नाही? वर्षभरापूर्वी हीच मुलगी फोनवर आजीने "जेवलीस का?" विचारलं की नुसती मान हलवायची. आजीला दिसत नाही, हे तिच्या गावीच नव्हतं. चित्र काढून फोनला चिकटवायची, "बघ आजी!" लपाछपीत पडद्यामागे उभी राहून "कुठे गेली बरं?" म्हटल्याबरोबर "इथेए!" तिला दिसतं ते सगळ्यांना दिसतं, तिला माहीत ते सगळ्यांना माहीत, असा एकूण मामला.

यावर विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची पोरं बिनधास्त दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथेच तर आहे! मॅक्सीला ते माहीत नाही, हे कळायला चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं. म्हणजे माझ्या डोक्यात आहे ते आईच्या डोक्यात नाही, एवढं कळलं तरच "वारा आला होता" सुचतं. नुसतं सुचून भागत नाही. खरं जिभेवर आलेलं गिळायचं, नवीन रचायचं आणि लक्षातही ठेवायचं. हिने संध्याकाळी बाबालाही वाराच सांगितला, आणि त्यात झाडही हललं!

पण नाही. या वयात आपल्याला कौतुक कशाचं? शंभरपर्यंत आकडे, रंगांची नावं, पाहुण्यांसमोर कविता. जे दाखवता येतं तेवढंच मूल वाढलं म्हणायचं. आणि जे आत वाढतंय ते दिसलं की तक्रार.

आणि ओला फ्रॉक समोर दिसत असताना "कोणी सांडलं?" विचारायचंच कशाला? तुम्हाला माहीत आहे, तिला माहीत आहे. हा प्रश्न नाही, सापळा आहे. "पाणी सांडलंय, चल पुसू" म्हटलं असतं तर तिने आनंदाने सतरंजीच काय, अख्खा वर्ग पुसून काढला असता.

बरं, खोटं बोलणं चांगलं नाही, मान्य. आणि टीचरना एका वेळी पंचवीस पोरं सांभाळायची असतात, तेही मान्य. पुढे.

घरी कुठून शिकते म्हणे. आपण सगळेच शिकवतो की! "मोबाइलची बॅटरी संपली." "बाग आज बंद आहे." "पाच मिनिटांत आले हं." इंजेक्शन दुखत नाही, हे तर आपण डोळ्यांत डोळे घालून सांगतो. यातलं एकही खोटं म्हणून मोजत नाही आणि तिचं तेवढं मोजतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खरं सांगू? मला लागलंय ते वेगळंच. कालपरवापर्यंत हिच्यातलं सगळं मला माहीत होतं. भूक लागली, झोप आली, शी आली, तिच्या आधी मला कळायचं. आता शाळेतून आल्यावर "आज काय केलं?" विचारलं तर "काही नाही." आणि ते "काही नाही" म्हणताना गालातल्या गालात हसते. काहीतरी आहे आणि ते मला मिळणार नाहीये. त्या केसांच्या वेळीही रुमाल सापडल्याचं मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बुटात पाय घालण्याआधी तिने हळूच आत हात घालून पाहिलं. रुमाल नव्हता. माझ्याकडे पाहिलं. मी मोजे शोधत होते, म्हणजे तसं दाखवत होते. दोघी काही बोललो नाही.

मोठं झाल्यावर तिला यातलं काहीही आठवणार नाही. तीन-साडेतीनच्या आधीचं तर कोणालाच फारसं आठवत नाही, आणि नंतरचंही तुटक तुटकच. म्हणजे हा वारा, ते हललेलं झाड, सगळं माझ्याकडेच राहणार. आणि मी तर तेव्हा घोळून घोळून, वाढवून सांगणार, हे आत्ताच कबूल करते.

असो. तुमच्या पोरांनी मारलेली पहिली थाप खाली लिहा. संस्कारांवरचे सल्ले मात्र नकोत, स्टॉक भरपूर आहे.